ऑफिसात हील्स: पाय पुढे घसरू न देता दिवस कसा काढावा

हील्स घालून घराबाहेर पडू नका, त्या ऑफिसात पोचल्यावर घालायच्या. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून ऐरोली किंवा वाशीची गाडी पकडायची म्हणजे पूल, जिने, गर्दीतला धक्का आणि उतरल्यावर पेव्हर ब्लॉक. त्या ब्लॉकच्या फटीत आणि गटाराच्या जाळीत बारीक टाच अचूक जाऊन बसते. 'सवय झाली की काही वाटत नाही' असं सांगणारी बाई बहुधा दारातून कॅबमध्ये बसते आणि लॉबीत उतरते. प्रवासाला मागे पट्टा असलेली सपाट चप्पल घ्या. हील्स ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, कापडी पिशवीत.

आठ-नऊ तासांच्या दिवसाला दीड ते अडीच इंच उंची पुरे. ती मागच्या बाजूने मोजायची आणि पुढे प्लॅटफॉर्म, म्हणजे चवड्याखाली जाड सोल, असेल तर तो वजा करायचा. साडेतीन इंचांची टाच आणि एक इंचाचा प्लॅटफॉर्म असेल, तर पायाला उतार अडीच इंचांचाच लागतो. पण प्लॅटफॉर्म जाड झाला की पायाखालची जमीन कळेनाशी होते आणि घोटा मुरगळतो, म्हणून तो अर्ध्या इंचापुढे नकोच. ऑफिसची सक्ती असेल तर वाद घालायला हरकत नाही. फिलिपिन्सच्या कामगार खात्याने २०१७ सालीच आदेश काढून उभ्याने काम करणाऱ्या बायकांसाठी एक इंचापेक्षा उंच टाचेची सक्ती बंद केली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानेही त्याच वर्षी हील्सची सक्ती मोडून काढली.

खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय सुजून खऱ्या मापाला आलेले असतात. ठाण्याचा गोखले रोड असो की वाशीचं सेक्टर १७, दुकानात तीन गोष्टी बघा. जोडा काउंटरवर ठेवून टाचेला मागून बोटाने ढकला; डुलला तर परत द्या. दोन्ही टोकं धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधल्या कमानीत वाकला तर तिला आधार देणारी आतली पट्टी कुचकामी आहे. तिसरी गोष्ट, दोन्ही पायांत घालून फरशीवर चाला. एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतोच, माप मोठ्या पायाचं घ्या.

आता खरी अडचण. बहुतेकींच्या हील्स इथेच बिघडतात आणि दोष मात्र उंचीला दिला जातो.

टाच वर गेली की पाय उतारावर उभा असतो आणि प्रत्येक पावलाला थोडा पुढे सरकतो. बोटं टोकात कोंबली जातात, मागे टाचेपाशी फट पडते आणि चालताना जोडा सुटतो. ती फट बघून बाईला वाटतं की जोडा मोठा झाला. मग ती एक नंबर लहान घेते आणि बोटांचा छळ दुप्पट करते, किंवा मागच्या बाजूला जेलची पट्टी चिकटवते. ती पट्टी पायाला आणखी पुढे ढकलते. म्हणजे ज्या कारणाने फट पडली, त्यालाच खतपाणी. जोडा मोठा आहे की पाय घसरतोय, हे ओळखायची सोपी खूण आहे. बसून, पाय हलका ठेवून जोडा घाला आणि टाच मागे टेकवा. बसल्यावर फट नाही आणि चार पावलं चालल्यावर पडली, तर माप बरोबर आहे, पाय घसरतोय. बसल्यावरही फट राहिली तरच नंबर चुकलाय. युरोपियन मापात एका नंबराचा फरक जवळपास पावणेसात मिलिमीटर असतो, त्यामुळे 'एक नंबर इकडे-तिकडे चालतो' हेही खरं नाही.

घसरण थांबवायची ती चवड्याच्या मागे. चवड्याच्या हाडांच्या मागे जो खळगा लागतो, तिथे थेंबाच्या आकाराचं छोटं पॅड बसलं की पायाला अडसर मिळतो आणि वजन हाडांवरून थोडं मागे येतं. लोक हे पॅड चवड्याच्या बरोबर खाली लावतात. तिथे लावलं की जागा आणखी कमी होते आणि दुखणाऱ्या हाडाखालीच उंचवटा तयार होतो. तासाभरात जळजळ सुरू.

जागा अंदाजाने धरू नका. तळव्यावर अंगठ्याने दाबत चवड्याची हाडं शोधा. ती संपतात तिथे, टाचेच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या रेषेत लिपस्टिकचा ठळक ठिपका काढा. पाय अलगद जोड्यात घालून उभ्या राहा, सरकू नका, सरळ बाहेर काढा. आत उमटलेल्या डागावर पॅडचा पुढचा, रुंद काठ येऊ द्या; बाकीचं पॅड त्याच्या मागे. पहिल्यांदा पॅडची चिकट बाजू उघडू नका, दुहेरी टेपने लावा आणि घरच्या फरशीवर वीस-पंचवीस मिनिटं चाला. सुरुवातीला ते थोडं जाणवणारच. पण टोचत राहिलं तर दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या. जागा नक्की झाल्यावर आतला भाग स्पिरिटने पुसून, वाळवून चिकटवा आणि रात्रभर तसंच ठेवा. मुंबईच्या दमटपणात घामट पृष्ठभागावर लावलेलं पॅड दुपारपर्यंत गोळा होऊन बोटांखाली येतं. तीन-चार मिलिमीटर जाडी पुरे. जाड आणि मऊ म्हणजे चांगलं, हा दुकानदाराचा हिशेब.

एवढं करूनही घसरत असेल तर त्या जोडीला पट्टाच नाही, हे तिचं खरं दुखणं. वरून पाय धरून ठेवणारा आडवा पट्टा कुठल्याही जेलपेक्षा जास्त काम करतो. आणि तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधे झिणझिण्या किंवा गोटी अडकल्यासारखं वाटत असेल तर पॅड बदलत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

नवी जोडी सैल करायला हेअर ड्रायर लावू नका, सोलचा गोंद सुटतो. खरं चामडं जाड मोजे घालून आठवडाभर रोज वीस मिनिटं घरात वापरलं की ताणतं. सिंथेटिक ताणत नाही. दुकानात घट्ट ते कायमचं घट्ट.

चालताना पावलं आखूड, आधी टाच, मग चवडा. जिना उतरताना कठडा धरा.

साडीच्या दिवशी एक गोची होते. निऱ्या हील्स पायात घालूनच घ्यायच्या असतात, नाहीतर ऑफिसात साडी आखूड दिसते. पण मग सपाट चपलेवर तीच साडी सगळं स्टेशन पुसत येते. त्या दिवशी दीड इंचाची रुंद टाच घरापासूनच घाला. बाकीच्या हील्सना सुट्टी.

पावसाळ्यात लॉबीची गुळगुळीत फरशी ओली असते आणि टाचेखालचं प्लास्टिक तिच्यावर साबणासारखं सरकतं. नवी जोडी घेतल्याबरोबर मोच्याकडून सोलच्या पुढच्या भागाला पातळ रबर लावून घ्या. टाचेची टिपही रबराची बसवा. आवाज टकटकवरून खणखणवर गेला की आतली लोखंडी खीळ बाहेर आली समजा. त्या टाचेने एक दिवसही चालू नका, आणि दोन्ही टिपा एकदम बदला, नाहीतर एक पाय आखूड पडतो. भिजलेल्या जोडीत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात नाही. पीयूच्या (पॉलियुरेथेन या हलक्या प्लास्टिकच्या) सोलची जोडी खोक्यात बंद करून दोन पावसाळे विसरलात तर सोलचा भुगा निघतो, तेव्हा ती अधूनमधून बाहेर काढून घालत जा.

घरी आल्यावर भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणा: प्रत्येक पायाला तीस सेकंद, तीनदा. वर्षानुवर्षं रोज हील्स घातल्या की पोटरीचे स्नायू आखडतात, आणि मग रविवारी सपाट चपलेत टाच दुखते. अशा वेळी हील्स एकदम सोडू नका, दर दोन-तीन आठवड्यांनी अर्धा इंच खाली या.