बेळगावातून निवडणूक कायद्याचा प्राध्यापक कसं व्हायचं

बारावीचा निकाल लागला की कोणतरी विचारतंच, सर मतदानाच्या हक्कावर काम करायचंय, लॉ कॉलेजात शिकवायचंय, काय करू. लांबचं काम आहे हे आधीच सांगतो. बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ नाहीतर डिग्री करून तीन वर्षांचं, आपल्याकडे टिळकवाडीत आरएल लॉ कॉलेज आहेच, परीक्षा हुबळीच्या लॉ युनिव्हर्सिटीची. मग एलएलएम, म्हणजे कायद्यातली मास्टर्स, त्यात कॉन्स्टिट्यूशनल लॉच घ्या. 55 टक्के पडलेच पाहिजेत, आरक्षणात 50. मग नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा. बरेच जण केसेटवर, म्हणजे कर्नाटकच्या राज्य पात्रता परीक्षेवर थांबतात, पण ती कर्नाटकातच चालते, उद्या कोल्हापूरला अर्ज टाकलात तर उपयोग शून्य. असिस्टंट प्रोफेसरला पीएचडी नसली तरी चालतं, असोसिएट व्हायला लागतेच.

हे झालं कागदाचं. खरी गंमत वाचण्यात. लोकप्रतिनिधित्व कायदे दोन आहेत, 1950 चा मतदार यादीचा आणि 1951 चा उमेदवारी, मतदान, अपात्रता वगैरेंचा, आणि पोरं हमखास गल्लत करतात. 1982 चा ज्योती बसू निकाल पहिल्याच दिवशी वाचा, त्यात सुप्रीम कोर्ट म्हणतं निवडून द्यायचा हक्क मूलभूत नाही, कायद्यानं दिलाय तेवढाच. वर्गात हे सांगितलं की सगळे चाट पडतात, मग घटनेतलं प्रौढ मतदानाचं 326 वं कलम काय नुसतं शोभेला का, म्हणून भांडतात. भांडू द्या, पीएचडीचा विषय तिथंच सापडतो.

आणि विषयासाठी दिल्लीकडं बघत बसू नका हो. 1996 ला बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार उभे होते, सीमाप्रश्नाकडं लक्ष जावं म्हणून. तिकडं तेलंगणातल्या नलगोंड्यातही, वेगळ्या कारणानं, 480. त्याच वर्षी कायदा बदलला, लोकसभेचं डिपॉझिट 500 वरून 10,000 झालं, अपक्षाला दहा सूचक लागायला लागले, आता तर डिपॉझिट 25,000 आहे. मग प्रश्न असा, की निषेधाचे अर्ज थांबवताना गरीब उमेदवारही बाहेर राहिला का? आपल्या आजोबांपैकी कोणीतरी त्या 456 मध्ये असेल, जाऊन विचारा, असला डेटा लायब्ररीत मिळत नाही.

दुसरा विषय मतदार यादीची भाषा. 1960 च्या मतदार नोंदणी नियमांत ती ठरवायचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे. आपल्या गल्लीतली यादी काढून मराठी नाव कानडीत जाऊन परत येताना काय होतं ते बघा. महाराष्ट्रातल्या चंदगडची मुलगी लग्न होऊन इकडं आपल्या खानापुरात आली की तिचं जुनं नाव तिकडंच राहतं, आणि दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, अशी चार घरं फिरलात तर एक पेपर होतो.

त्यासाठी कानडी लिहायवाचायला शिका. काहींना राग येईल, पण तालुक्याच्या ऑफिसातले कागद कानडीत असतात आणि दर वेळी दुसऱ्याकडून वाचून घेऊन रिसर्च होत नाही.

पहिली नोकरी बहुतेक गेस्ट लेक्चररची, आणि निवडणूक कायदा नाही तर काँट्रॅक्टचा कायदा शिकवायला लावतील. घ्या मुकाट्यानं.