ऐरोलीचा पिनकोड ४००७०८ कॅल्क्युलेटरशिवाय मूळ अवयवांत कसा फोडायचा

माझी भाची सातवीत आहे, ठाणे-वाशी लोकलमध्ये बसलो की तिचं सुरू, मामा एक मोठी संख्या दे ना. परवा ऐरोली यायच्या आत तिला ऐरोलीचाच पिनकोड दिला आणि खरंच सांगतो, इतकी सुंदर संख्या निघेल असं वाटलं नव्हतं. वही घ्या, सोबतच करू.

सोपं आधी उरकून टाका. शेवटचे दोन अंक ०८, म्हणजे ४ ने भाग जातो, पण ७०८ ला ८ ने जात नाही म्हणून ८ बाद. अंकांची बेरीज १९, म्हणून ३ आणि ९ पण बाद. ५ चं दिसतंयच.

आता ७ आणि ११. इथे बरेच जण सरळ भागाकार मांडतात, तसं नका करू. १००१ = ७×११×१३ एवढं लक्षात ठेवा. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा, ७०८ आणि ४००, वजाबाकी करा, ३०८. या तिघांपैकी ज्याने ३०८ ला भाग जातो त्यानेच पूर्ण संख्येला जातो. ३०८ म्हणजे ७×४४, त्यात ११ आलाच, १३ ने भागलं तर ९ उरतात म्हणून तो गेला. हे का चालतं तर ४००७०८ म्हणजे ४०० वेळा १००१ आणि वर ३०८, बस. आपल्याकडचे ४०० ने सुरू होणारे सगळे पिनकोड असेच, शेवटच्या तीन अंकांतून ४०० काढा की झालं.

आणि हे बघा, ४×७×११ केलं तर परत ३०८ च येतात! ४००४०० म्हणजे ३०८×१३००, त्यात अजून एक ३०८, म्हणून ४००७०८ = ३०८×१३०१. भाची तर सीटवरून उठलीच.

१३०१ अजून फुटतो का? ३६ चा वर्ग १२९६ आणि ३७ चा १३६९, म्हणजे ३१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे, एकानेही भाग जात नाही, १३०१ मूळ आहे. तर उत्तर २²×७×११×१३०१. विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा, ३×२×२×२ = २४. विभाजकांची बेरीज (१+२+४)×(१+७)×(१+११)×(१+१३०१), म्हणजे ७×८×१२×१३०२ = ८७४९४४, त्यातून ती संख्याच वजा केली तरी ४७४२३६ उरतात, म्हणजे ४००७०८ पेक्षाही जास्त!

शेवटची कसोटी कापरेकरांची, डहाणूचे गणितज्ञ द. रा. कापरेकर, शाळा ठाण्यात शिकले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. ऐरोलीत १९ ने भागलं तर १७ उरतात, नाही जमलं. पण शेजारचं कळवा घ्या, ४००६०५, बेरीज १५, आणि १५×२६७०७ = ४००६०५. कळवा हर्षद आहे.