गडगा पाडताना अजगर निघाला तर

चिऱ्यांचा जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पाडताना अजगर दिसला की आधी जेसीबी बंद करा आणि वन खात्याला कळवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे. परवानगीशिवाय नुसते पकडणेही शिकारीत मोडते.

पथक येईपर्यंत एकाने लांबून नजर ठेवावी. पोट फुगलेले असेल तर डिवचू नका: घाबरला की तो गिळलेले भक्ष्य ओकतो आणि अशक्त होतो. मादी अंड्यांवर वेटोळे घालून बसली असेल तर काम दुसऱ्या टोकाला न्या. अंडी साधारण दोन महिन्यांत फुटतात, तेवढा कोपरा राखणे खरेच अवघड नाही. हलवणे अटळच असेल तर पथक अंड्यांच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करते, कारण अंडे उलटले तर आतला जीव दगावू शकतो.

पथकाने पकडताना चिमट्याने अंग दाबू नये, बरगड्या मोडतात. जबड्यामागे हलकी पकड, बाकीच्यांनी अंगाला खालून आधार. पिशवी सुती, दुहेरी शिवणीची, शिवण बाहेर; सुटे दोरे आत असले तर दातांत अडकतात. ती सावलीत ठेवा, गाडीच्या बंद डिकीत कधीच नको.

सोडायचे जवळच्याच रानात, संध्याकाळी. लांब नेलेला अजगर ओळखीच्या जागा शोधत भटकतो आणि रस्त्यावर येतो.