जीवशास्त्रासाठी कर्ज काढण्याआधी हप्त्याचा हिशेब कसा मांडावा

नीटमध्ये नंबर लागला नाही, घरात बीएस्सीचं बोलणं निघालं, की पहिला प्रश्न असतो फीचा. मीही तेवढंच विचारलं होतं. सोलापुरात मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी झाले आणि एमएस्सीला पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात गेले, कर्ज काढून. खरं विचारायला हवं होतं ते असं: पहिला हप्ता जाईल त्या महिन्यात माझ्या हातात किती पगार असेल?

आधी हप्ता काढा

शिकत असताना हप्ता नसतो. साधारणपणे कोर्स संपून वर्ष झालं की तो सुरू होतो. व्याज मात्र पैसे उचलले त्या दिवसापासून लागतं. बँकेत हे मला कुणी सांगितलं नाही. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला, सहकर्जदार म्हणून त्यांनी सोळा-सतरा ठिकाणी सह्या केल्या आणि आम्ही पेढे घेऊन घरी आलो.

समजा दोन वर्षांच्या एमएस्सीला ४ लाख लागले. पहिल्या वर्षी २ लाख उचलले, दुसऱ्या वर्षी २ लाख. व्याज १० टक्के, सरळव्याज. हप्ता सुरू होईपर्यंत पहिल्या २ लाखांवर तीन वर्षांचे ६०,००० चढतात, दुसऱ्यावर दोन वर्षांचे ४०,०००. म्हणजे फेड ४ लाखांपासून नाही, ५ लाखांपासून सुरू होते. सात वर्षांची मुदत घेतली तर लाखामागे साधारण १,६६० रुपये हप्ता बसतो. महिन्याला ८,३००. एकूण जातात ६ लाख ९७ हजार.

मग हातात येणारा पगार

नोकरीच्या पत्रावर 'वार्षिक २ लाख ४० हजार' लिहिलेलं असतं आणि आपण महिना २०,००० धरून चालतो. त्यातच कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो. मूळ पगार १०,००० असेल तर तिचे १,२०० आणि आपले १,२०० तिथेच गेले. ईएसआय (कामगार विमा) वगैरे धरून हातात १७,००० च्या आसपास उरतात. पुरुषांचे आणखी २०० रुपये व्यवसाय कराचे जातात. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगाराला तो माफ आहे.

१७,००० मधून ८,३०० हप्ता गेला. कॉट बेसिसवर राहणं आणि मेस मिळून ८,५०० धरा. राहिले २००. सणाला हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येऊन जायचं म्हटलं तरी विचार करावा लागतो. हेच सोलापुरात घरी राहून हातात १५,००० येत असतील तर हप्ता जाऊनही ६,७०० उरतात. पुण्याचा पगार मोठा दिसतो, पण ही वजाबाकी केल्याशिवाय त्याला मोठा म्हणू नका. माझं मत विचाराल तर पहिल्या पगारात हप्ता पाचव्या हिश्शाहून जास्त नसावा.

बुडालेली कमाईही खर्चात लिहा

हा भाग जवळजवळ सगळेच विसरतात. बीएस्सीनंतर १२,००० ची नोकरी मिळत असेल आणि ती सोडून एमएस्सीला गेलात, तर दोन वर्षांचे २ लाख ८८ हजार बुडाले. कर्जफेडीत मिळवा: ९ लाख ८५ हजार. आता विचारा, एमएस्सीमुळे पगार किती वाढणार? महिना ५,००० वाढला तर वर्षाचे ६०,०००, आणि खर्च भरून यायला सोळा वर्षांहून जास्त. १२,००० वाढला तर सातेक वर्षं. तीच एमएस्सी घरी राहून, दोन वर्षांच्या ४०,००० फीत, कर्जाशिवाय झाली तर ५,००० च्या वाढीवरही साडेपाच वर्षांत हिशेब जुळतो.

वाढीचा आकडा विद्यापीठाच्या माहितीपत्रकातून घेऊ नका. त्याच विभागातून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेली पाच मुलं शोधा आणि विचारा, पहिल्या महिन्यात खात्यात किती जमा झाले?

बीएस्सीला कर्ज काढूच नका

जीवशास्त्रात पगार ठरतो तो पुढच्या पायरीवर. संगमेश्वर, वालचंद, दयानंद अशी कॉलेजं सोलापुरातच आहेत, केगावला विद्यापीठ आहे. ही तीन-चार वर्षं घरी राहून काढा आणि जोडीला काम बघा: उन्हाळ्यात पॅथॉलॉजी लॅब, चिंचोळी एमआयडीसी, गळीत हंगामात साखर कारखान्याची प्रयोगशाळा. केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथल्या प्रकल्पांवर ठरावीक मुदतीच्या जागा निघतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० मिळतात. अभ्यास जरूर करा, पण कर्ज काढताना ते पैसे जमेस धरू नका. मिळते फार थोड्यांना.

सवलती

पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होण्याआधीच्या काळात, व्याजात ३ टक्के सूट आहे. मात्र ती ठरावीक संस्थांपुरतीच. यादीत आपली संस्था आहे का ते प्रवेशाआधी बघा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी हे राज्य सरकारचं पोर्टल बघा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत एजंट फार रंगवून सांगतात, पण २०,००० पगाराला करच बसत नाही, तर सूट कशातून मिळणार?

कर्ज काढून झालं असेल तर

शिकत असतानाच व्याज भरत राहा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिना १,६६७ होतं, नंतर ३,३३३. काही बँका असं भरणाऱ्याला दरात १ टक्का सूट देतात, ती लेखी मागून घ्या. सूट नाही मिळाली तरी हप्ता ८,३०० वरून ६,६४० वर येतो. माझ्या धाकट्या बहिणीनं दहावीच्या दोन शिकवण्या घेऊन हेच केलं. दर महिन्याच्या पाच तारखेला ती बँकेत जायची आणि पासबुक भरून आणून वडिलांच्या हातात द्यायची.