स्कॉटलंडमधल्या पर्थमध्ये भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेताना: पुरामुळे विमा नाकारला जात असेल तर

लक्षण: टे नदीजवळच्या जुन्या टेनेमेंटमधला (अनेक मालकांचे फ्लॅट असलेल्या सामायिक इमारतीतला), दुसऱ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट. इमारतीचा विमा असल्याशिवाय बँक कर्ज देत नाही आणि पोस्टकोड टाकला की ऑनलाइन अर्ज नाकारला जातो. पर्थला 1993 मध्ये मोठा पूर आला होता. पूरसंरक्षण योजना 2001 मध्ये पूर्ण झाली, तरी ही अडचण येते.

तीन तुलना-संकेतस्थळं पाहिली, मजला कळवला, सेपाचा, म्हणजे स्कॉटलंडच्या पर्यावरण संस्थेचा, पूरनकाशा जोडला. उपयोग शून्य. दोन आठवडे वाया गेले.

शेवटी जमलं ते असं. आधी सॉलिसिटरकडून (वकिलाकडून) टायटल शीट, म्हणजे मालकीची अधिकृत नोंद, मागवा आणि त्यातल्या बर्डन्समध्ये, म्हणजे मालकांवरच्या बंधनकारक अटींमध्ये, सामायिक विम्याची अट आहे का ते बघा. मग फॅक्टरकडून, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापकाकडून, चालू पॉलिसीचं शेड्यूल घ्या. त्यात तीन गोष्टी तपासा: पूर समाविष्ट आहे का, पुराचा एक्सेस (दाव्यातली तुम्ही स्वतः भरायची रक्कम) किती, आणि तुमच्या फ्लॅटची विमा रक्कम होम रिपोर्टमधल्या (विक्रेत्याने दिलेल्या घराच्या पाहणी अहवालातल्या) पुनर्बांधणी खर्चाइतकी आहे का. बाजारभाव इथे धरू नका, हीच चूक बहुतेकांची होते. त्यानंतर बँकेचं नाव पॉलिसीवर नोंदवून घ्या. भाडेकरू राहणार हेही लेखी कळवा, नाहीतर दावा अडकतो.

फॅक्टर नसेल तर विक्रेत्यामार्फत शेजाऱ्यांचे विमे विचारा. टेनेमेंट कायदा 2004 प्रमाणे प्रत्येक मालकाला विमा बंधनकारक आहे, आणि दुसऱ्या मालकाने लेखी मागितल्यास 14 दिवसांत पुरावा द्यावा लागतो. शेजाऱ्यांचा विमा ज्या कंपनीचा आहे, तिच्याकडेच ब्रोकरमार्फत अर्ज करा.