फूटपट्टी, लोणचं आणि मांजर: मानसशास्त्राचा इतिहास घरी कसा करून बघावा

मी प्राध्यापक नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं सहायक होते. मेमरी ड्रमला तेल घालायचं, मिरर ड्रॉइंगच्या आरशावरचे बोटांचे ठसे पुसायचे, परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नलसाठी (बाहेरून आलेल्या परीक्षकांसाठी) चहा सांगायचा. कप ठेवताना व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, कानावर पडायची. 'रचनावाद कोणाचा?' 'टिचनर.' 'वर्तनवाद?' 'वॉटसन, १९१३.' इथवर गाडी झकास. मग सर विचारायचे, 'वॉटसनला टिचनरचं नेमकं काय खटकलं?' आणि समोरची मुलगी पंख्याकडे बघायची.

पोरी हुशारच होत्या. पण इतिहासाचा पेपर त्या एका वहीतून पाठ करायच्या आणि प्रयोगाचं जर्नल दुसऱ्या वहीत उतरवायच्या. माझ्या कपाटातलं प्रत्येक उपकरण कुठल्या तरी भांडणातून आलंय, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझी भाची टीवायला होती, तेव्हा मी तिची तयारी उलट्या बाजूने करून घेतली: आधी प्रयोग करायचा, कुठे अडतंय ते लिहायचं आणि मगच पुस्तक उघडायचं. तीच पद्धत इथे देते.

सामान: शिंप्याकडे असतात तशा दोन लांब लाकडी पट्ट्या (६० सेंटिमीटर तरी हव्यात), लिंबाच्या लोणच्याच्या दोन फोडी, दोनशे पानी वही, स्टीलची ताटली आणि चमचा, एक मांजर (शेजाऱ्यांचं चालेल) आणि एक सहनशील माणूस. वेळ दोन-तीन आठवडे, रोज अर्धा तास.

पट्टी पकडा

मनगट टेबलाच्या कडेवर टेकवा, अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवा. समोरच्याने पट्टी वरून धरायची, शून्याची खूण तुमच्या बोटांच्या मधे यायला हवी. न सांगता त्याने ती सोडायची, तुम्ही चिमटीत पकडायची. किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहा. १५ सेंटिमीटर म्हणजे साधारण ०.१७ सेकंद, २० म्हणजे ०.२०, ३० म्हणजे ०.२५, ४० म्हणजे ०.२९. बारा वेळा करा, पहिल्या दोन सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. मग दोन्ही हातांवर एकेक पट्टी धरायला सांगा. त्याने कुठलीही एकच सोडायची आणि तुम्ही फक्त तोच हात मिटायचा. आता पट्टी बरीच खाली जाऊन सापडेल. म्हणून तर लांब पट्टी सांगितली.

दोन सरासरींची वजाबाकी करा. उरला तो निवड करायला लागलेला वेळ. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला डोंडर्स यांनी १८६८ मध्ये हीच वजाबाकी केली होती. त्याआधी, १८५० च्या सुमारास, हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या नसेतून संदेश सेकंदाला साधारण २५ ते ४० मीटर या वेगाने जातो असं मोजून दाखवलं. तोवर विचार म्हणजे विजेसारखा, क्षणात होणारा, मोजमापाच्या पलीकडचा, अशी समजूत होती. मोजता येतं म्हटल्यावर प्रयोगशाळा काढता येते. ती व्हिल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला काढली. तारीख सगळ्यांना पाठ असते, वजाबाकी कोणाला माहीत नसते. वहीत लिहा: 'वेळ कळला. पण त्या वेळात मनात *काय* चाललं होतं?'

लोणचं चाखा

हा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. दोघांनी एकाच बरणीतली एकेक फोड तोंडात ठेवायची आणि एकमेकांकडे न बघता एक मिनिट लिहायचं. अट एकच, वस्तूचं नाव घ्यायचं नाही. लोणचं, लिंबू, मीठ, मोहरी यातलं काही नाही. फक्त संवेदन: कसलं, किती तीव्र, किती वेळ टिकलं.

मी लिहिलं, 'आधी खारट, मग सालीचा कडवटपणा.' भाची टाळ्या पिटत म्हणाली, 'मावशी, साल ही वस्तू झाली!' बरोबर होतं तिचं. वस्तू सांगणं आणि अनुभव सांगणं यांतल्या ह्या घोटाळ्याला टिचनर 'उद्दीपक-दोष' म्हणत. हे मूळचे इंग्लंडचे, लाइपझिगला वुंटच्या हाताखाली शिकलेले, १८९२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेलला गेले. रसायनशास्त्रात मूलद्रव्यं असतात तशी मनाचीही सुटी करता येतील, हा त्यांचा रचनावाद. त्यांनी संवेदनांची मोजदाद केली ती चव्वेचाळीस हजारांच्या वर गेली. बहुतेक सगळी डोळ्यांची आणि कानांची, जिभेच्या वाट्याला फक्त चार. लोणचं न खाल्लेल्या माणसाचा हिशोब, दुसरं काय.

आता दोघांचे कागद शेजारी ठेवा. माझ्याकडे खारट आधी, भाचीकडे आंबट आधी. कोण बरोबर? बसा वाद घालत. मोजपट्टी नाही, साक्षीदार नाही. आणखी एक करून बघा. समोरच्याला अचानक विचारा, 'तेरा साते?' तो म्हणेल, 'एक्क्याण्णव.' मग विचारा, उत्तर येण्याआधी मनात काय दिसलं? बहुतेक वेळा काहीच नाही, उत्तर नुसतं आलं. जर्मनीत व्युर्त्सबुर्गला क्युल्पे आणि त्यांच्या मंडळींना असलंच काहीतरी सापडलं, प्रतिमेशिवायचा विचार. टिचनर म्हणाले, तुम्ही नीट पाहिलं नाहीत. ते म्हणाले, पाहिलं. हा वाद अंतर्निरीक्षणाने, म्हणजे स्वतःच स्वतःच्या मनात डोकावून, मिटणारच नव्हता, कारण वाद अंतर्निरीक्षणाबद्दलच होता. वॉटसनला काय खटकलं, ते इथे आहे. वहीत मोठ्या अक्षरात लिहा: 'निकाल कोण देणार?'

कार्यवादासाठी, म्हणजे मनाचा उपयोग काय असं विचारणाऱ्या पंथासाठी, प्रयोग नको, त्याच लोणच्याला एक प्रश्न पुरे: बरणी नुसती दिसली तरी तोंडाला पाणी का सुटतं, त्याचा उपयोग काय? हार्वर्डचे विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये दोन जाडजूड खंड काढले. मन हा वाहता प्रवाह आहे, त्याचे तुकडे करून काही हाती लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिकागोला ड्यूई, एंजल यांनी ते पुढे नेलं. मागे डार्विन उभा आहे हे विसरू नका. परीक्षेत या उल्लेखावर मार्क मिळतात.

विसरा

एबिंगहाउस कुठल्याच पंथाचे नव्हेत, म्हणून पोरी त्यांना गाळतात. गाळू नका. एकट्या माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये स्मरणावर पुस्तक काढलं. त्यासाठी त्यांनी निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ केल्या.

तुम्ही तेरा शब्द बनवा. इथे मराठी आडवी येते. दोन अक्षरं जोडली की अर्थ निघतो: कप, ढीग, झेप. आमच्या लॅबमध्ये एका वर्षी 'ठुब' असा शब्द यादीत होता, तर पोरी म्हणाल्या, हे तर आमच्या वर्गातल्या ठुबेंचं आडनाव. गेली ती यादी. 'ठेझ', 'घुभ', 'छीढ' असले शोधा आणि घरातल्या दोघांना वाचून दाखवा. कोणी हसलं नाही तर ठेवा. यादी न चुकता म्हणता येईपर्यंत किती वेळा वाचावी लागली ते मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाठ करा, पुन्हा मोजा. भाचीला पहिल्या दिवशी १४ वेळा वाचावं लागलं, दुसऱ्या दिवशी ९ वेळा. म्हणजे १४ पैकी ५ वाचनं वाचली, साधारण ३६ टक्के. एबिंगहाउस यांचा एका दिवसानंतरचा आकडा सुमारे ३४ टक्के होता, वीस मिनिटांनंतरचा ५८ आणि महिन्यानंतरचा २१. म्हणजे गळती सुरुवातीलाच मोठी. आकडा जुळला म्हणून भाची खूश झाली. योगायोग होता, तुमचा जुळेलच असं नाही.

मांजराला शिकवा, पण मन हा शब्द न वापरता

जेवणाआधी अर्धा-एक सेकंद ताटलीवर चमचा तीनदा वाजवा, मग लगेच खाणं ठेवा. रोज दोनदा, दहा दिवस. अकराव्या दिवशी नुसता चमचा वाजवा, खाणं घेऊन जाऊ नका. मांजर येईल. मुळात पावलोव्ह यांना पचनक्रियेवर नोबेल मिळालं होतं, १९०४ मध्ये. अन्न दिसायच्या आधीच कुत्र्यांना लाळ सुटते, हे त्यांच्या पचनाच्या कामात लुडबुड करत होतं. त्या लुडबुडीचंच अभिसंधान झालं, म्हणजे एका खुणेशी दुसरी गोष्ट जोडून शिकणं.

खरा धडा मात्र मांजराचा नाही, वहीचा आहे. रोजची नोंद कॅमेऱ्याला दिसेल तेवढीच करायची. भाचीची पहिली नोंद: 'चमचा ऐकून मनी आनंदाने धावत आली, तिला कळलं की जेवण आहे.' मी लाल पेनाने 'आनंदाने' खोडलं, 'तिला कळलं की' खोडलं, 'ऐकून'सुद्धा खोडलं. उरलं ते असं: 'तिसऱ्या ठोक्यानंतर चार सेकंदांत मांजर ओट्यावरून उतरून ताटलीपाशी आलं. शेपटी उभी.' ती चिडली. म्हणाली, 'यात मनी कुठे आहे?' म्हटलं, हेच. वॉटसननी १९१३ मध्ये हाच लाल पेन सगळ्या मानसशास्त्रावर फिरवला, तोच वर्तनवाद. 'निकाल कोण देणार?' याला त्यांचं उत्तर होतं: जे दोघांना दिसतं, तेच.

वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती घातली. उंदीर दाखवायचा आणि मागे लोखंडी दांड्यावर हातोडी मारायची. हे वाचा, करू नका. घरातल्या पोराला गंमत म्हणूनसुद्धा नाही. त्याच वर्षी वॉटसनना विद्यापीठ सोडावं लागलं, पण अल्बर्टमुळे नव्हे, रेनरबरोबरच्या प्रेमप्रकरणामुळे. पुढे ते जाहिरात कंपनीत गेले. पुढचे वर्तनवादी स्किनर यांचं साधक अभिसंधान (बक्षीस मिळतं ते वर्तन वाढतं) पुस्तकातून नीट समजतं, ते मी सोडते.

बाजाची पट्टी बदला

घरात हार्मोनियम असेल तर कुठल्याही आरतीची ओळ पांढरी एकमध्ये वाजवा, मग काळी दोनमध्ये. स्वर बदलले, चाल तीच. चाल स्वरांत नसेल तर कुठे आहे? एरेनफेल्स यांनी १८९० मध्ये हेच विचारलं. हार्मोनियम नसेल तर गणपतीच्या मंडपातली पळत्या दिव्यांची माळ बघा. दिवे जागचे हलत नाहीत, फक्त उघडझाप करतात, तरी आपल्याला पळताना दिसतात. माक्स वेर्टहायमर १९१० मध्ये आगगाडीने चालले होते, डोक्यात हा विषय आला, फ्रँकफुर्टला उतरले आणि फिरत्या चित्रांचं खेळणं विकत घेतलं. प्रयोगाचे प्रयुक्त, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग झाला ते, होते कोलर आणि कोफ्का. १९१२ मध्ये निबंध छापून आला आणि समष्टिवाद (गेस्टाल्ट, तुकड्यांआधी अख्खं बघणारा पंथ) सुरू झाला. त्यांचं भांडण दोघांशी: मनाचे तुकडे करणाऱ्या टिचनरशी आणि वर्तनाचे तुकडे करणाऱ्या वॉटसनशी.

साल बघा, १९१२ आणि १९१३. आगगाडीचे डबे एकामागून एक जातात तसे हे पंथ आले नाहीत. एकाच चाळीतली बिऱ्हाडं होती, भिंतीला भिंत लागून, एकमेकांवर ओरडणारी. म्हणून वहीत कालरेषा काढताना एकच रेघ मारू नका, चार-पाच समांतर रेघा मारा.

फ्रॉइडची, म्हणजे मनोविश्लेषणाची, रेघ अगदी वेगळ्या गल्लीत. ती प्रयोगशाळेतून नाही, व्हिएन्नातल्या दवाखान्यातून आली. घरी पट्टी-मांजराने ती तपासता येत नाही. तिच्यावरचा सगळ्यात जुना आक्षेपही तोच आहे. स्वप्नांवरचं पुस्तक छापलं गेलं १८९९ च्या अखेरीला आणि त्यावर साल घातलं १९००. एवढं माहीत असलं की एक्स्टर्नल मान वर करतो. इथे आपल्या देशाचाही धागा जोडा: कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि त्यांच्याशी मतभेद सांगायला ते कचरत नव्हते.

मानवतावादी मानसशास्त्रासाठी कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं एकच काम करा. घरातलं माणूस कुरकुर करायला लागलं की दहा मिनिटं सल्ला न देता ऐका. मला आजवर चार मिनिटं जमलंय.

आकडे म्हणा

शेवटचा प्रयोग. एकेक आकडा सेकंदाला एक या वेगाने वाचून दाखवा: पाच आकडे, मग सहा, मग सात, आठ. बहुतेकजण सातच्या आसपास कोसळतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये हीच मर्यादा मांडली, सात, अधिक-उणे दोन. मग दहा आकड्यांचा मोबाइल नंबर कसा लक्षात राहतो? आपण तो 'त्र्याण्णव, बावीस' असा जोड्यांनी म्हणतो, दहाचे पाच झाले. हे गाठोडी बांधणं बाहेरून दिसत नाही. कॅमेरा लावा, काही दिसणार नाही. तरीही ते मोजता आलं. लाल पेनाने खोडलेला 'कळलं' हा शब्द बोधात्मक मानसशास्त्राने (विचार, स्मरण यांचा अभ्यास करणाऱ्या पंथाने) असा परत लिहिला, आणि या वेळी आकड्यांची साक्ष घेऊन. १९५९ मध्ये भाषातज्ज्ञ चॉम्स्की यांनी स्किनरच्या भाषेवरच्या पुस्तकाचं परीक्षण लिहून वर्तनवादाला मोठाच धक्का दिला.

आता पट्टीच्या पानावर परत जा. तिथे लिहिलं होतं, त्या वेळात मनात काय चाललं होतं? डोंडर्सची वजाबाकी या बोधात्मक मंडळींनी धूळ झटकून पुन्हा वापरात आणली. व्हायवात उत्तर द्यायला सुरुवात याच पानापासून करा.

मांजराचं तेवढं राहिलं. प्रयोग संपल्यावर रोज नुसता चमचा वाजवून विलोपनही, म्हणजे शिकवलेली सवय पुसून टाकणंही, करायचं असतं. आम्ही ते केलं नाही. मनी अजून मी पोहे ढवळले तरी येते.