कॅमेऱ्यांआधी नकाशा

वस्तीतल्या चोऱ्या रोखायच्या तर कॅमेरे लावण्याआधी वर्षभरातल्या चोऱ्या नकाशावर मांडा: जागा, वार, वेळ, चोर शिरला कुठून. नेमकी वेळ ठाऊक नसेल तर घर बंद केल्याची आणि परतल्याची अशा दोन्ही वेळा लिहा. अंदाजाने एकच टाकली की गस्त भलत्याच वेळी लागते. मग अंधारात दोघा-तिघांनी पायी फिरून काळोखाच्या, आडोशाच्या जागा टिपा. रस्त्यावरचा दिवा चालू, पण फांदीआड, हे तर हमखास सापडतं! झुडपं छाटून कमरेपेक्षा कमी उंचीची ठेवा, झाडांच्या डोक्याखाली येणाऱ्या फांद्या कापा. प्रत्येक कामापुढे एकाचं नाव आणि तारीख लिहा. नुकतीच चोरी झालेल्या घराच्या कड्या-कुलपं सर्वांत आधी पक्की करा. पुढच्या काही आठवड्यांत त्याच घरावर आणि शेजारी पुन्हा डल्ला पडण्याचा धोका जास्त असतो.